आठवा दिवस

नोल्बेर्तो कुतुरुफो. वय चौसष्ट.
क्रशर विभाग, तांब्याच्या खाणीत एकोणतीस वर्षं.
हेल्मेट मांडीवर पालथं घेऊन माझ्यासमोर बसला.
माझ्या फॉर्मवर सोळा रकाने:
पेन्शन किती, घराचं कर्ज फिटलं का,
फुफ्फुसांचा शेवटचा एक्स-रे कधी, वारस कोण.
पटापट सांगितलं त्यानं,
पेसो न् पेसो तोंडपाठ.
इथवर सोपं असतं.
पैशाची काळजी माणसांना आकड्यांत सांगता येते.

मग मी पेन खाली ठेवलं.
खिडकीबाहेर अताकामा, गवताचं पातं नाही,
नुसते डंपरचे टायर, माझ्या दुप्पट उंचीचे.
"सात दिवस इथे वर, सात दिवस खाली घरी.
आठव्या दिवशी काय करता?"
"आठवा दिवस नसतो, बाई.
सातव्याच्या रात्री बस येते."
हसला. मग ते हसू तसंच राहिलं तोंडावर,
दिवा मालवायचा राहून जावा तसं.

सलग आठ दिवस तो घरी कधी राहिलाच नव्हता.
वर्षाची रजा घ्यायचा ती भावाच्या बोटीवर.
मुलगी चालायला लागली ते चुकीच्या आठवड्यात.
आणि इथे, खोली नंबर दोनशे चौदामध्ये,
त्याच्याच पलंगावर दुसऱ्या पाळीचा कुणी एक
उरलेले सात दिवस झोपतो.
एकोणतीस वर्षांत तिघे बदलले, एकही भेटला नाही.
आत्ताचा डाव्या कुशीवर झोपतो,
एवढं त्याला गादीवरून माहीत.

पुढच्या महिन्यात मी कोकिंबोला उतरले.
टेकडीवरचं घर, समुद्राचं धुकं थेट स्वयंपाकघरात.
ओरियानानं चहा ओतला, नवऱ्याला पाव आणायला पिटाळलं
आणि दार लोटून घेतलं.
"तो असतो तेव्हा मी त्याच्या आवडीचं रांधते, हळू बोलते.
सातव्याला बॅग भरून देते.
आठव्या दिवशी रेडिओ मोठ्यानं लावते,
ओट्यापाशी उभ्यानंच पाव-अ‍ॅव्होकाडो खाते,
बहीण येते, आम्ही पत्ते कुटतो.
आठवा दिवस माझा आहे.
वाईट बाई आहे का मी?"
नाही, म्हटलं.
पुढे काय म्हणावं ते सुचेना.
माझ्या सोळा रकान्यांत हिचं नावसुद्धा
फक्त 'वारस' म्हणून होतं.

वर भांडून त्याला जोडून सात दिवसांची रजा मिळवली.
रंगीत तालीम, मी म्हणाले.
साहेब म्हणाले, घरी बसायची कसली तालीम?

आठव्या दिवशी पहाटे चारला उठला.
न गळणारा नळ दुरुस्त केला, तो गळायला लागला.
नवव्या दिवशी शेजाऱ्यानं विचारलं, "अजून इथेच?"
दहाव्या दिवशी दोघं भांडले, रेडिओवरून.
अकराव्याचं दोघांनीही मला काही सांगितलं नाही.
बाराव्याला त्याचा फोन:
"बाई, ही पत्त्यांत लबाडी करते, तुम्हाला ठाऊक होतं?"

पूर्ण यश म्हणणार नाही मी याला.
अहवालात लिहिलं: प्रगती आहे. एवढंच.

शेवटच्या पाळीला त्यानं किल्ली दिली,
पलंगावर चिठ्ठी ठेवली, मला वाचायला दिली आधी:
'उशी तुझीच ठेव. खिडकीची कडी वर उचलून ओढ, मग लागते.
मी आता येणार नाही.'
खाली सही. मग खोडून, पूर्ण नाव.

आठ दिवस मोजून मी फोन केला.
ओरियानानं उचलला. मागे रेडिओ, मोठ्यानं.
"अंगणात आहे. काहीतरी विसरलोय म्हणतो,
काय ते आठवत नाही.
मी म्हटलं, बस इथे,
आठवा."